वीडन खाडीचा रबरी पायजमा

मी एक जुना पायजमा आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. मी झोपायचा पायजमा नव्हे, पाण्यात उतरायचा आहे. जाड रबरी कापडाचा, छातीपर्यंत येणारा, खाली दोन बूट कायमचे चिकटवलेले आणि वर खांद्यावरून घ्यायचे दोन पट्टे. ज्यांना गार पाण्यात कमरेपर्यंत उभं राहायचं असतं आणि शिवाय कोरडं घरी यायचं असतं, अशा माणसांसाठी मला बनवलं. अशी माणसं अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत, म्हणून आमचा कारखाना बरा चालायचा.

कारखान्यात आमची परीक्षा घेत. पोटात हवा भरून आम्हाला पाण्याच्या टाकीत बुडवायचे. बुडबुडे आले नाहीत तो पास. माझ्या डाव्या गुडघ्यातून एक बुडबुडा आला. एकच, तोही लहान. पण परीक्षकाचं लक्ष होतं. माझ्या पाठीवर खडूची फुली पडली, गुडघ्याला डिंकाचा एक थर लागला आणि माझी रवानगी नापासांच्या टोपलीत झाली. त्या टोपलीतला माल अर्ध्या किमतीत विकत. ऑल्डन सिसन नावाचा उंच, सडपातळ माणूस आला, त्याने पास झालेल्या पायजम्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि थेट टोपलीत हात घातला. माझ्या नशिबाचा पहिला उपकारकर्ता हा ऑल्डनचा चिक्कूपणा होय.

ऑल्डन शाळेची बस चालवायचा. वर्षातले दहा महिने तो साधा, सरळ, देवाला घाबरणारा माणूस असे. मग एप्रिलच्या शेवटी शॅडच्या झुडपांना पांढरा बहर यायचा, समुद्रातून हेरिंग मासे ओढ्यांमध्ये चढायला लागायचे, आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खायला पट्टेरी बास नावाचे मोठे मासे यायचे. बास आले की ऑल्डन बिघडायचा. हे दुखणं त्या गावात निम्म्या पुरुषांना होतं, त्यामुळे त्यावर कोणी औषध शोधलं नाही.

त्याची पद्धत अशी. हुकावर कोंबडीची पिसं आणि हरणाच्या शेपटीचे केस बांधून तो खोटा मासा तयार करायचा. या खोट्या माशाला ते लोक माशी म्हणतात. का म्हणतात ते मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. ही माशी लांब काठीने आणि जाड दोराने हवेत पुढेमागे झुलवत दूर फेकायची, आणि दोर हाताने थोडा थोडा ओढत आणायचा. ओढलेला दोर पायात गुंतू नये म्हणून पोटावर एक टब बांधायचा. तो टब मुळात लूर्डिसच्या, म्हणजे ऑल्डनच्या बायकोच्या, भांडी घासायच्या ओट्यावरचा होता. तो कुठे गेला हे तिने पहिल्या वर्षी विचारलं. दुसऱ्या वर्षापासून ती दोन टब आणायला लागली. एवढा खटाटोप करून मासा हाती लागला, की ऑल्डन त्याच्या पोटाखाली हात धरून त्याच्याकडे एकदा प्रेमाने बघायचा आणि त्याला परत सोडून द्यायचा. रात्री जेवायला दुकानातून आणलेला कॉड मासा.

आमच्या शेडमध्ये खुंट्यांवर ऑल्डनचे मासेमारीचे सगळे कपडे टांगलेले असत. कोपरावर झिजलेला लोकरी शर्ट होता. लांब चोचीची टोपी होती. ती धुतली तर मासे येत नाहीत अशी ऑल्डनची श्रद्धा होती, आणि तिच्याजवळ माणसंही येत नसत. हे दोघं ऑल्डनचे लाडके. पण पाण्यात त्याच्याबरोबर मी जायचो. टोपी वर बसून देखावा बघायची. गार पाण्याचा पहिला चावा मी सोसायचो, त्याच्या पायांपर्यंत पोचू द्यायचो नाही. दर एप्रिलमध्ये तो मला घालून घरातल्या न्हाणीघरातल्या टबात पाणी भरून उभा राहायचा. कुठे गळतंय का ते बघायला. हातात वर्तमानपत्र असायचं. लूर्डिस दारातून विचारायची, काय रे, आज किती लागले? आणि तो गंभीरपणे सांगायचा, आत्ताच भरती सुरू झालीय. दरवर्षी डावा गुडघा गळायचा. दरवर्षी लूर्डिस त्याला नवं ठिगळ चिकटवायची. ऑल्डनच्या हातचं ठिगळ दुसऱ्या दिवशी निघायचं, तिच्या हातचं पुढच्या वसंतापर्यंत टिकायचं. वापरून आल्यावर मला नळीच्या पाण्याने धुवून, उलटं करून, पाय वर करून टांगायचं कामही तिचंच. खारं पाणी अंगावर राहिलं तर आमची कातडी तडकते. मी बावीस वर्षं टिकलो ते त्या नळीमुळे. हे मी आजही विसरलेलो नाही.

आता त्या गावच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. चांगल्या जागेबद्दल खरं बोलायचं नाही, ही ती रीत. डॉटीबाईंच्या गळ-दोऱ्याच्या दुकानात सकाळी सगळे कॉफी प्यायला जमत आणि काल कुठे मासे लागले हे एकमेकांना सविस्तर, तपशिलासह, खोटं सांगत. त्यात फसवणूक नव्हती. ऐकणाऱ्यालाही माहीत असायचं. खरं सांगणाऱ्याकडे मात्र संशयाने बघत. गाडीही खऱ्या जागी लावायची नाही. त्यामुळे मे महिन्यात गावातली प्रत्येक गाडी तिथे उभी असायची, जिथे तिचा मालक नव्हता.

ऑल्डन आपला पिकअप गूजनेकच्या वाळूच्या किनाऱ्यावर लावायचा आणि झुडपांतून मैलभर मागे चालत वीडन खाडीच्या मुखाशी यायचा. तिथे ओहोटीला हेरिंग अरुंद वाटेने बाहेर पडायचे आणि पट्टेरी बास तोंड उघडं ठेवून वाट बघत असायचे. ही जागा त्याने कोणाला सांगितली नव्हती. लूर्डिसलाही नाही.

त्या जागेच्या मागावर एकजण कायम असे: रोलंड गोयेट, गावचा छपरं दुरुस्त करणारा. त्याला सगळे रोली म्हणत. ठेंगणा, रुंद, मोठ्या आवाजाचा. अकरा वर्षं तो ऑल्डनची जागा शोधत होता. एकदा तो गुपचूप ऑल्डनच्या मागे निघाला. ऑल्डनला ते कळलं. मग ऑल्डन मला घातलेल्या अवस्थेत गावच्या वाचनालयात गेला आणि दोन तास बागकामावरचं पुस्तक वाचत बसला. रोली समोरच्या बाकावर बसून राहिला. वाचनालयातल्या बाईंनी दोघांनाही फरशी पुसायला लावली.

आता त्या दिवसाबद्दल. मेचा मध्य होता, दुपारची ओहोटी संपत आलेली. हिवाळ्यातल्या मोठ्या वादळाने खाडीचं तोंड थोडं सरकवलं होतं. ऑल्डनने ते पाहिलं होतं, पण बावीस वर्षं जिथे घट्ट वाळू लागली, तिथे ती लागणारच असं त्याच्या पायांना वाटत होतं. पलीकडे एक मोठा बास पाण्यावर शेपूट आपटत होता. ऑल्डनने माशी फेकली. चार हात कमी पडली. तो दोन पावलं पुढे गेला. तिसऱ्या पावलाला खाली वाळू नव्हती.

ते आधी मला कळलं. बुटाखाली काहीच लागेना, मग मऊ, थंड काहीतरी घोट्याभोवती आलं, मग गुडघ्याशी. ऑल्डनने उजवा पाय उचलायला डाव्यावर भार दिला, आणि डावा मांडीपर्यंत गेला. मग डावा उचलायला उजव्यावर. त्या चिखलात सगळे हीच चूक करतात. पाच मिनिटांत आम्ही दोघं मांड्यांपर्यंत रुतलो. चिखलाने मला असं चारी बाजूंनी गच्च धरलं की एक बोटभरही हलता येईना. त्याचा फोन गाडीत होता, म्हणजे मैलभर दूर. गाडी, तुम्हाला माहीतच आहे, कुठे होती. तो दोन-तीनदा ओरडला. मासे धरणाऱ्या एका ऑस्प्रे घारीने वरून बघितलं आणि ती आपल्या कामाला गेली.

मग भरती सुरू झाली.

मित्रांनो, पाणी अडवणं हे माझं आयुष्यभराचं काम. त्या दिवशी मी ते उत्तम करत होतो. पाणी मांडीवर आलं, कमरेवर आलं, ऑल्डन आत अगदी कोरडा होता. मला माझा अभिमान वाटायला हवा होता. पण मला दिसत होतं, की चिखलाने मला धरलंय आणि मी ऑल्डनला. कमरेचा पट्टा त्याने नेहमीसारखा घट्ट आवळलेला. पडलं तर आत पाणी शिरू नये म्हणून तो पट्टा असतो, आणि तो शहाण्या माणसाने बांधायलाच हवा. पण खाऱ्या पाण्याने त्याचं बकल गंजून अडकलं होतं. ऑल्डनच्या गारठलेल्या बोटांनी ते उघडेना. मी त्याला सोडू शकत नव्हतो. माणूस सोडायला मला कोणी शिकवलंच नव्हतं.

इकडे घरी काय झालं ते मला नंतर कळलं. लूर्डिसने ते इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे असल्यासारखंच झालंय. साडेपाचला ऑल्डन जेवायला आला नाही. वीस मिनिटं वाट बघून तिने डॉटीबाईंच्या दुकानात फोन केला. तिथे रोली होता. त्याने सांगितलं, गाडी गूजनेकला आहे, मी येताना पाहिली. आम्ही चौघं तिकडेच निघतो. लूर्डिस म्हणाली, तिघं तिकडे जाऊ देत, तू शिडी घेऊन माझ्या घरी ये. गाडी तिथे असली तरी ऑल्डन तिथे नाही.

रोलीने विचारलं, तुला काय ठाऊक?

"बावीस वर्षं मी त्याचा पायजमा धुतेय," लूर्डिस म्हणाली. "गूजनेकला वाळू आहे. माझ्या अंगणात कधी वाळू पडली नाही. काळा चिखल पडतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा, आणि त्यात निळ्या शिंपल्यांचा चुरा. असा चिखल वीडन खाडीत आहे, दुसरीकडे कुठे नाही."

 रोलीने विचारलं, "हे तुला केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या धुण्यापासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तू त्याच्या मागे फिरत होतास."

ती दोघं आली तेव्हा पाणी ऑल्डनच्या बरगड्यांना लागलं होतं. ओठ निळे झाले होते. पोटावरचा टब पाण्यावर तरंगत होता आणि टोपी अजून डोक्यावर होती. झुडपांतून रोली शिडी घेऊन बाहेर आला. त्याला बघितल्यावर ऑल्डनच्या तोंडून बावीस वर्षांच्या सवयीने जे निघायचं तेच निघालं.

"इथे मासे नाहीत, रोली."

त्याच्या मागे दहा हातांवर एका बासने हेरिंग पकडायला अशी उसळी मारली की ऑल्डनच्या मानेवर पाणी उडालं.

"दिसतंय मला," रोली म्हणाला, आणि शिडी आडवी टाकून तिच्यावरून पोटावर सरपटत निघाला.

शिडीने त्याला तोलून धरलं. त्याने ऑल्डनच्या काखेत हात घातले, ओढलं. आम्ही हललो नाही. पुन्हा ओढलं, ऑल्डन कळवळला. रोलीने मागे वळून लूर्डिसला सांगितलं, की हा निघेल, पण पायजमा निघणार नाही. आणि छपराचा डांबरी कागद कापायचा आपला आकडी चाकू काढला.

आता ऐका, मित्रांनो. पाणी छातीला आलंय, दात वाजताहेत, आणि ऑल्डन सिसन म्हणतो, थांब, कापू नकोस, अजून चांगला आहे तो.

लूर्डिस काठावर उभी होती, बुटांच्या वरपर्यंत पाण्यात. ती ओरडली नाही.

"सोड तो पायजमा, ऑल्डन."

"मागच्याच महिन्यात तू ठिगळ लावलंस गं."

"ठिगळं मी आणखी लावीन. माणसाला नाही ठिगळ लावता येत."

 ऑल्डनने होकारार्थी मान हलवली. रोलीने कमरेचा पट्टा कापला, खांद्यावरचे दोन पट्टे कापले, आणि मला ते मुळीच दुखलं नाही. उजवा पाय हळूहळू वर आला. डावा येईना. पाय आणि मी यांच्यामध्ये हवेलाही जागा नव्हती. रोलीने तिसऱ्यांदा जोर लावला आणि माझ्या डाव्या गुडघ्याची शिवण, तीच, नापास झालेली, टरकन फाटली. आत पाणी शिरलं. पाण्याबरोबर पाय सुटला. माझ्या आयुष्यात गळल्याबद्दल मला पहिल्यांदाच कोणी धन्यवाद दिले. रोलीने दिले, आणि ज्या शब्दांत दिले ते इथे लिहिता येत नाहीत.

लांब लोकरी चड्डीतला ऑल्डन शिडीवरून काठावर आला. लूर्डिसने त्याला आपल्या कोटात गुंडाळलं, आणि मग त्याच्या थोबाडाजवळ बोट नेऊन आपल्या माहेरच्या पोर्तुगीज भाषेत बरंच काही सांगितलं. ऑल्डनला पोर्तुगीज येत नाही. तरी तो प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता.

मी तिथेच राहिलो. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. म्हणजे मला डोकं नाही, पण तुम्ही समजून घ्या. बावीस वर्षं मी पाण्यात जात होतो, पाण्याखाली कधी गेलो नव्हतो. माशांना मी फक्त वरून पाहिलं होतं, काळ्या सावल्यांसारखं. आता ते माझ्या बाजूने जाऊ लागले. हेरिंगची झुंड आली, चांदीची नाणी उधळावीत तशी. मग पट्टेरी बास आले. त्यांच्या अंगावर सात-आठ रेघा असतात, शाळेच्या वहीसारख्या सरळ. एक तर ऑल्डनच्या पायाएवढा लांब होता. तो माझ्या खांद्यापाशी थांबला, तिथे चढलेला एक लहान खेकडा त्याने शांतपणे खाल्ला आणि निघून गेला. मी नापासांच्या टोपलीतला. मला कोणी हे दाखवेल असं वाटलं नव्हतं. मी चिखलाचे आभार मानले. त्यानेही काही वाईट हेतूने धरलं नव्हतं.

मला न्यायला कोणी येईल असं मी धरून चाललो नव्हतो. फाटलेला, कापलेला, जुना. पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला शिडी आली, शिंपले उकरायचं दातेरी फावडं आलं, रोली आला, आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेला ऑल्डन आला. लूर्डिस गोड पाव आणि कॉफी घातलेल्या दुधाची बाटली घेऊन काठावर बसली. ऑल्डनने रोलीला कारण सांगितलं, की पायजम्याच्या खिशात माश्यांची डबी राहिलीय. डबी त्याच्या शर्टाच्या खिशातून अर्धी बाहेर डोकावत होती. रोलीने ती पाहिली, आणि तरी दीड तास खणत राहिला. मित्रांनो, एखाद्याला शत्रू म्हणायच्या आधी तो कोणासाठी किती वेळ खणतो ते जरूर बघावं.

ऑल्डनच्या मनाला मात्र दुसरंच लागलं होतं. तो वाचला, पण ते भोक तिथेच होतं. उद्या दुसरं कोणी त्यात पाय घालील. म्हणून त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. डॉटीबाईंच्या दुकानात गेला, पिशवीचा कागद फाडून त्यावर वीडन खाडीचा नकाशा काढला, मासे कुठे लागतात तिथे गोल केला, चिखल कुठे आहे तिथे फुली मारली, आणि सगळ्यांसमोर ठेवला.

एकानेही विश्वास ठेवला नाही.

त्यांनी नकाशा नीट बघितला, माना डोलावल्या, आणि यातला गोल खोटा की फुली यावर वाद घातला. शेवटी असं ठरलं, की ऑल्डन खरी जागा राखण्यासाठी तिच्यावर चिखल दाखवतोय, म्हणजे मासे फुलीवर आहेत. रोलीने शपथेवर सांगितलं, तर तो आता सामील झाला असं म्हणाले. डॉटीबाई कप पुसता पुसता म्हणाल्या, "ऑल्डन, गेल्या वर्षी तू मला चर्चच्या वाहनतळावर मासे लागले म्हणून सांगितलंस. आता मी काय करू?"

तीन दिवसांनी एकजण सरळ फुलीवर गेला. नशिबाने गुडघ्यापर्यंतच रुतला, आणि एक बूट ठेवून परत आला. त्या संध्याकाळी ऑल्डन जेवला नाही. बावीस वर्षं आपण काय कमावलं ते त्याला त्या बुटाकडे बघून कळलं असावं.

तेव्हा रोली म्हणाला, "तुझं कोणी ऐकणार नाही. पायजम्याचं ऐकतील."

लूर्डिसने माझा गुडघा शेवटचा शिवला. ती म्हणाली, उभं राहायचं तर नीट उभं राहावं. माझ्या पायांत सुकं समुद्रगवत ठासून भरलं, पाठीतून सीडरच्या लाकडाचा उंच वासा घातला, खांद्यांना नवे, लाल पट्टे लावले, आणि त्या तिघांनी मला चिखलाच्या काठावर, घट्ट वाळूत रोवलं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी मासे पकडतंय. जवळ आल्यावर माझ्या छातीवरची पाटी दिसते. तिच्यावर लूर्डिसच्या अक्षरात लिहिलंय, की इथून पुढे चिखल आहे, आणि यावर ऑल्डनची सही नाही.

म्हणजे जागा आता सगळ्यांना कळली. शनिवारी सात-आठजण माझ्या शेजारी रांगेने उभे असतात, आणि ऑल्डन त्यांच्याकडे पाहून चडफडतो, आणि त्यातला एखादा नवखा चुकीच्या बाजूला वळला की सर्वांत आधी धावतो. त्याचा नवा पायजमा पास झालेला आहे, पूर्ण किमतीचा. मला त्याचा राग नाही. जाता येता ऑल्डन माझ्या खांद्यावर हात ठेवतो. थोडा वेळच. मग रोलीकडे बघून घसा खाकरतो.

मित्रांनो, मला खूप मिळालं. धुणारं माणूस मिळालं, मला न्यायला परत येणारं माणूस मिळालं, आणि पाण्याखालून बासांचे पट्टे बघायला मिळाले. आता तुमच्याकडे थोडंच मागायचंय. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आपल्या पायजम्याला गोड्या पाण्याने धुवा आणि पाय वर करून टांगा. कमरेचा पट्टा बांधा, पण त्याचं बकल उघडतं ना ते आधी बघा. कुठे जाताय ते घरी खरं सांगा. जो तुमचे कपडे धुतो त्याला ते तसंही माहीत असतं. आणि कधी मे महिन्यात वीडन खाडीला आलात, तर माझ्या उजव्या बाजूला मासे कितीही उड्या मारोत, तिकडे बघू नका. डाव्या बाजूने या. तिथे वाळू घट्ट आहे. मी स्वतः त्यात उभा आहे.